हजार किलो ओढणारी गाडी

"कुत्रा आहे?" विक्रेत्याने विचारलं.

"नाही," ओडनी म्हणाली.

"पुढेमागे?"

ओडनीने खरोखरच विचार केला. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पुढेमागे कुत्रा येईल का, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणं अवघड असतं. "सांगता येत नाही," ती म्हणाली. सांदरने, म्हणजे विक्रेत्याने, वय सव्वीस, दाढी चाळिशीची, डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये बसवायच्या जाळीसमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

गाडी तासाभरापूर्वीच ठरली होती. विजेवरची, राखाडी, मध्यम आकाराची. खाडीच्या दोन्ही काठांवर दर तिसऱ्या दारात उभी असते तीच. ती ठरवायला वीस मिनिटं लागली. आता गाडीसोबत काय काय घ्यायचं, हा खरा कार्यक्रम सुरू झाला होता, आणि त्यासाठी अठ्ठेचाळीस पानांचं पुस्तक होतं, गुळगुळीत कागदाचं, रंगीत.

पानं उलटता उलटता ओडनीच्या लक्षात आलं की वस्तूंच्या नावाखाली इथे माणसं मांडून ठेवली आहेत. टपावरची लांबट पेटी म्हणजे ईस्टरला डोंगरातल्या लाकडी घरी निघालेले चौघे आणि त्यांच्या बर्फावर घसरायच्या पट्ट्या. पुढच्या सीटच्या पाठीला लावायचं प्लास्टिक म्हणजे चिखलाच्या बुटांनी लाथा झाडणारी नातवंडं. जाळी म्हणजे कुत्रा. दोन सायकलींचा स्टँड म्हणजे नवरा, आणि तोही धडधाकट. शेवटच्या पानावर सगळ्याची गाठोडी बांधून ठेवली होती: कुटुंब पॅकेज, साहस पॅकेज, हिवाळा पॅकेज. एकट्या बाईचं पॅकेज नव्हतं. हिवाळा मात्र सगळ्यांनाच असतो, म्हणून ओडनीने तो घेतला. त्यात उंच कडांच्या रबरी चटया होत्या, बर्फ खरवडायचं खोरं होतं, चार्जिंगच्या वायरीची पिशवी होती, बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर टाकतात त्या मिठाचे थर उतरवायचं औषध होतं, आणि दारांची रबरं थंडीत चिकटून बसू नयेत म्हणून त्यांना लावायची मेणासारखी कांडी होती.

"आणि मागे हुक," ती म्हणाली.

"ट्रेलर ओढायचा?"

"तोच."

"ट्रेलर आहे तुझ्याकडे?" सांदरने विचारलं. या देशात राजा सोडला तर सगळ्यांना अरे-तुरेच असतं, त्यामुळे त्यात उद्धटपणा नव्हता. कुतूहल मात्र होतं.

"नाही."

"घेणार आहेस?"

"नाही."

सांदरने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणून ती छोटी लाल नको म्हणालीस?"

"ती काहीच ओढू शकत नाही. तुमच्याच पुस्तकात लिहिलंय. शून्य किलो."

"तिने कधी तक्रार केली नाही."

"ही हजार ओढते. मला सहाशे-साडेसहाशे पुरे आहेत. होडी साडेतीनशेची, ट्रेलर तीनशेच्या आत."

"होडी आहे तर!" सांदरचा चेहरा उजळला. होडीवाल्यांसाठी वेगळं पान होतं.

"माझी नाही," ओडनी म्हणाली, आणि त्याने ते पान उघडता उघडता मिटलं.

होडी हाल्वरची होती.

ओडनीने एकतीस वर्षं फेरीबोटीवर स्वेले भाजले. स्वेले म्हणजे जाडसर गोड घावन, मध्ये लोणी आणि तपकिरी चीज घालून अर्धा दुमडलेला. बोटीला खाडी ओलांडायला पंचवीस मिनिटं लागत, आणि इकडून तिकडे जाणारा प्रत्येक माणूस त्यातली निदान पाच ओडनीच्या खिडकीशी काढत असे. दोन्ही काठांवर कोण आजारी आहे, कुणाचं कुणाशी जमलं आणि कुणाचं फिसकटलं, हे सगळं तव्यावरच्या वाफेबरोबर तिच्यापर्यंत येई. तिला मुद्दाम कुणाकडे जावं लागत नसे. अख्खा तालुकाच रांग लावून तिच्याकडे यायचा. त्यामुळे घरी कुणी येत नाही, हे कळायला तिला बासष्ट वर्षं लागली.

हाल्वर त्याच बोटीवर खलाशी होता. गाड्या आत घेणं, हाताच्या खुणांनी त्या एकमेकींना खेटून उभ्या करणं, चाकांखाली लाकडी पाचरी सारणं ही त्याची कामं. गाड्या लागल्या की त्याला बारा मिनिटं मोकळी असत. ती बारा मिनिटं तो ओडनीच्या खिडकीशी कॉफी घेऊन उभा राही. एकोणीस वर्षं, दिवसातून सोळा फेऱ्या. बोलणं बेताचंच.

"लाटा आहेत."

"आहेत."

"तिसऱ्या रांगेतला तो निळा ट्रक मागून झुकलाय. सिमेंट भरलं असणार."

"घर बांधतोय तो. बायको परत आली म्हणे."

"हं. म्हणूनच इतकं सिमेंट."

असं. गाडीचा झोल, म्हणजे ती कुठल्या अंगाला दबलीय ते, बघून आत काय भरलंय हे सांगण्यात हाल्वर सहसा चुकत नसे.

मग समुद्राखालून बोगदा झाला. पावणेआठ किलोमीटर, सगळ्यांत खोल जागी दोनशे साठ मीटर खाली. उद्घाटनाच्या आदल्या रविवारी सगळं गाव त्यातून पायी चालून आलं. शाळेच्या बँडने वाजवलं, आणि सगळे म्हणाले, वाईट नाही. त्याच्या वर स्तुती इथे सहसा कुणी चढत नाही. बोटीच्या शेवटच्या फेरीला तीन गाड्या आणि वर्तमानपत्राचा एक माणूस होता. कंपनीने केक पाठवला होता. हाल्वर कॉफीचा कागदी पेला घेऊन खिडकीशी उभा होता आणि मागे पडत चाललेल्या काठावरच्या आपल्या होडीघराकडे बघत होता.

"मी पलीकडे राहायला जातोय," तो म्हणाला. "फ्लॅट घेतलाय. डोळ्यांचं असं झालंय, दवाखाना जवळ बरा. गाडीचा परवानाही काढून घेतील आता."

"हं," ओडनी म्हणाली.

"होडी तेवढी राहते इथे. पाच वर्षं पाण्यात नाही गेली, फळ्या सुकून फटी पडल्यात, पाण्यातून नेली तर वाटेतच बसेल तळाला. ट्रेलरवरूनच न्यायला हवी." मग पेल्याचा तळ बघत तो म्हणाला, "कुणाची हुकाची गाडी असली तर."

आणि तो उतरणीची फळी खाली सोडायला गेला.

दुसरीकडे कुठे या वाक्याला कुणी वाक्य म्हटलं नसतं. पण ओडनीने हाल्वरला एकोणीस वर्षं ऐकलं होतं. हा माणूस पायावर चाकाची पाचर पडली तेव्हा "आता जरा बसतो" एवढंच म्हणाला होता. त्याच्या तोंडून हे निघणं म्हणजे त्याने गुडघे टेकल्यासारखंच होतं.

तिच्याकडे तेव्हा गाडीच नव्हती. धक्का घरापासून दोनशे पावलांवर, गाडी हवी कशाला? विसाव्या वर्षी काढलेला परवाना स्वयंपाकघराच्या खणात मेणबत्त्यांखाली होता. बस होती, शाळेच्या दिवशी दोनदा, पण ती पलीकडच्या काठावर हाल्वरच्या घरापासून चार किलोमीटर अलीकडे थांबायची. आणि बस होती म्हणून तरी काय? जाऊन सांगायचं काय? कामाशिवाय कुणाच्या दारात उभं राहायची रीत नाही, आणि तिच्याकडे काम नव्हतं. काम होईल असं एकच साधन होतं, ते म्हणजे गाडीचा हुक. गाडी असली की हाल्वर होडीचं विचारेल, होडी न्यायला दोघं लागतात, आणि बोगद्यातून पलीकडे जाताना बाजूच्या सीटवर तो बसेल. दोन वर्षं ती याची तयारी करत होती. पैसे जमवले, सहा शिकवण्या घेतल्या, आणि गाडी निवडताना रंग शेवटी बघितला.

गाडी ऑगस्टमध्ये आली. आता ते हाल्वरला कळवायचं कसं? फोनने नाही. दिवसातून सोळा वेळा भेटणाऱ्या माणसाला कुणी फोन करत नाही, त्यामुळे एकोणीस वर्षांत त्यांनी एकमेकांना फोन केला नव्हता. आता केला तर त्याला वाटेल कुणी गेलं. शिवाय "मी तुझी होडी नेते" असं सरळ म्हणणं म्हणजे तुला स्वतःला जमत नाही असं त्याच्या तोंडावर म्हणणं. अशा गोष्टींसाठी गावात दुकान असतं.

दुकान रायदुनचं. तिची बहीण पलीकडे हाल्वरच्याच इमारतीत राहायची, हे ओडनीला अर्थातच ठाऊक होतं.

"गाडी आली म्हणे," रायदुन म्हणाली.

"आली."

"कशी आहे?"

"वाईट नाही."

"राखाडी ना?"

"हो." ओडनीने दुधाच्या खोक्यावरची तारीख नीट वाचली. "मागे हुकही बसवून घेतलाय."

"हुक? तू एकटी बाई ओढणार काय गं? म्हातारपण?"

"ते न ओढता येतं. असावा आपला. कुणाला लागला तर."

रायदुनने दूध यंत्रावरून फिरवलं आणि वर न बघता म्हणाली, "कुणाला लागला तर. बरं. आज बहिणीचा फोन यायचाच आहे. तिला सांगितलं की नोटीस लावायची गरज पडत नाही."

ओडनी घरी आली आणि वाट बघू लागली.

वाट बघता बघता गाडीची निगा राखली गेली. दर शनिवारी ती बोगद्यातून पलीकडे जाऊन पंपावर गाडी धुऊन आणी. पंप हाल्वरच्या इमारतीपासून पाच मिनिटांवर होता. तो शनिवारी तिथे वर्तमानपत्र घ्यायला येत असावा असा तिचा अंदाज होता. अंदाज चुकीचा निघाला, पण गाडी स्वच्छ राहिली. दारांच्या रबरांना तिने कांडी फासली, अजून थंडीला दोन महिने असताना. बाजूच्या सीटची गरम व्हायची सोय चालू करून ती स्वतः त्या सीटवर बसून बघून आली. साडेतीन मिनिटांत ऊब येई. तिथून खाडी जास्त दिसते हेही तिच्या लक्षात आलं. जुन्या धक्क्यावर गाड्यांच्या चार रांगांचे पांढरे पट्टे अजून होते. संध्याकाळी ती दुसऱ्या रांगेत गाडी लावून सरळ मागे न्यायचा सराव करी, कारण ट्रेलर असला की मागे नेताना भलतीकडे वळतो असं शिकवणाऱ्याने सांगितलं होतं. खुणा करायला कुणी नव्हतं. समुद्रपक्षी बघत उभे असत.

शेजारच्या घरातल्या माणसाने एकदा कुंपणापलीकडून गाडीच्या मागच्या बाजूकडे पाहिलं आणि म्हणाला, "हुक आहे."

"आहे."

"हं," तो म्हणाला आणि आत गेला. त्याच्या दारात जुना सोफा पावसात भिजत पडला होता, टाकून द्यायचा. तो महिनाभर तसाच भिजत राहिला.

सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी सकाळी ओडनीने स्वयंपाकघराचा पडदा सारला तर खाली होडीघराचं दार सताड उघडं होतं. ती अंगावर कोट घालून खाली गेली. आत होडी नव्हती. बाजूला ताडपत्रीखाली असायचा तो हाल्वरचा ट्रेलरही नव्हता. जमिनीवर होडीच्या आकाराची कोरडी, फिकट जागा होती आणि एक बादली होती. तिने दार लावून घेतलं. कडी वाऱ्याने निघू नये म्हणून तिच्यात काटकी खोचली. मग गाडी काढून दुकानात गेली.

"होडी गेली," ती म्हणाली.

"शनिवारी नेली की," रायदुन म्हणाली. "हाल्वरचा पुतण्या आला होता, फ्रोदे. शहरातून हुकाची गाडी भाड्याने आणलेली. भाडं ऐकून मला घेरी आली. तू दिसली नाहीस शनिवारी?"

शनिवारी ओडनी गाडी धुवायला पलीकडे गेली होती. परत येताना बोगद्याच्या तळाशी समोरून एक गाडी आली होती, मागे ताडपत्रीने झाकलेलं काहीतरी लांबट होतं. समोरच्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून तिने आपले दिवे मंद केले होते.

"पण त्याला माहीत नव्हतं?" ओडनीने विचारलं. "माझ्या हुकाचं?"

"माहीत होतं म्हणजे काय? बहिणीने त्याच संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, ओडनीने हुक घेतलाय म्हणजे तिचं काहीतरी मोठं काम असणार, तिला कशाला त्रास." रायदुनने तिच्याकडे बघितलं आणि आवाज थोडा खाली आणला. "तुझं काय काम होतं गं, नक्की?"

ओडनी दूध न घेताच बाहेर पडली. गाडी घराकडे वळायला हवी होती, पण ती बोगद्याकडे वळली. पावणेआठ किलोमीटरमध्ये समोरून चार गाड्या आल्या, चारही बंद काचांच्या. बोटीवर असत्या तर चौघांनी चार स्वेले घेतले असते.

हाल्वरने दार उघडलं. अंगात विटकी लोकरीची बंडी, पायात लाकडी सपाता. त्याने डोळे बारीक करून पाहिलं.

"तू," तो म्हणाला.

"मी."

"गाडीने?"

"हो."

"बोगद्यात गर्दी?"

"नाही."

यापुढे खरं तर तिने कामाचं बोलायचं होतं. काम नव्हतं म्हणून ती गप्प राहिली. हाल्वरला ते विचित्र वाटलं असावं, कारण तो सपातांचा खडखडाट करत बाहेर आला आणि गाडीभोवती एक फेरी मारली. डोळ्यांनी कमी, हाताने जास्त. मागे येऊन वाकला आणि हुकाच्या गोळ्यावर तळवा ठेवला.

"कोरा आहे."

"वापरच नाही."

"हजार किलो?"

"हजार."

"भरपूर झालं."

"होडीला पुरला असता," ओडनी म्हणाली.

हाल्वरने हात लगेच काढला नाही. खाली रस्त्यावरून दुधाची गाडी गेली, वळणावर तिचा आवाज बदलला, मग ऐकू यायचा थांबला.

"सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"दुकानात सांगितलं होतं."

"हो. ते पोचलं मला."

"तूही सांगायचं होतंस."

"मी बोटीवर बोललो होतो."

"तेही पोचलं होतं."

टपालात कुठेही घोटाळा झाला नव्हता. दोन्ही बाजूंचा निरोप वेळेवर, शब्दन् शब्द पोचला होता. उत्तर लिहायचं तेवढं दोघांनीही समोरच्याच्या सोयीसाठी ठेवून दिलं होतं.

"फ्रोदेने तीन ठिकाणी घासली तिला," हाल्वर म्हणाला. "बांधायला येत नाही पोराला."

"हं."

आता निघायची वेळ झाली होती. दोघांनाही ते कळत होतं. इथे "चल मग" म्हणायचं असतं, आणि म्हटलं की ते खरंच होतं. ओडनीने गाडीची किल्ली खिशातून काढली.

"पुढच्या महिन्यात, पंधरा तारखेच्या गुरुवारी, गाडी शहरात नेतेय," ती म्हणाली. "खालच्या पत्र्याला गंजाचं तेल मारायला. मीठ पडायच्या आत. चार तास लागतात."

"शहाणपणाचं आहे," हाल्वर म्हणाला.

एकतीस वर्षं तिची सगळी वाक्यं इथे संपत आली होती. पुढचं ज्याचं त्याने समजून घ्यायचं, घेतलं तर. तिला होडीघरातली ती फिकट जागा दिसली.

"येतोस?" ती म्हणाली.

हाल्वर दचकला. कुणी न विचारता अंगाला हात लावावा तसा. त्याने खाडीकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग आपल्या सपातांकडे. चौसष्टाव्या वर्षी असं ताटकळावं लागतं याचा ओडनीला रागही येत होता.

"चार तास," हाल्वर शेवटी म्हणाला. "म्हणजे डबा लागेल."

"मी आणते."

"माझा मी आणीन," तो घाईने म्हणाला.

पंधरा तारखेला तो इमारतीसमोरच्या पत्रपेट्यांपाशी ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी उभा होता, भांग पाडून. सीट ओडनीने आधीच गरम करून ठेवली होती. तो बसला, पट्टा लावला आणि म्हणाला, "आवाजच नाही हिला."

"नाही."

"बोटीचा आवाज होता, ते बरं होतं."

ते खरंच होतं, हे पहिल्या दहा मिनिटांतच कळलं. दोन वर्षं ओडनीने या प्रवासात काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. हवामान झालं, रायदुन झाली, फ्रोदे झाला, आणि गाडी जेमतेम पहिलं गाव ओलांडत होती. त्यांचं बोलणं बारा मिनिटांच्या मापाचं शिवलेलं होतं. ते ताणायला गेलं की उसवत होतं. एरवी बारा मिनिटं झाली की पलीकडचा काठ येई आणि त्याला फळी सोडायला जावं लागे. इथे काठ येत नव्हता.

कारखान्यात एक तेलकट हातांचा माणूस आला. "विजेवरची आहे ना? मग पोटात सगळी बॅटरीच. तिच्यावर फवारत नाही, कडेकडेने मारतो. चार तास तरी लागतील."

"सांगितलंय तिने," हाल्वर म्हणाला.

बसायच्या खोलीत चार खुर्च्या, कॉफीचं यंत्र आणि रस्त्याकडे एक मोठी काच होती. दोघांनी मध्ये एक खुर्ची सोडून बसकण घेतली. पहिला दीड तास जवळजवळ काहीच झालं नाही. दोघांनी आपापले डबे उघडले. दोघांच्याही पावावर तपकिरी चीजच होतं. ओडनीला वाटू लागलं की आपण एका भल्या माणसाला चार तास कोंडून ठेवलं आहे, आणि तो सभ्यपणाने शिक्षा भोगतो आहे.

मग हाल्वर काचेकडे तोंड करून म्हणाला, "ती पांढरी व्हॅन. मला नीट दिसत नाही. मागून झुकलीय का?"

ओडनीने पाहिलं. "झुकलीय. डावीकडे जास्त."

"डावीकडे? मग लाकूड नाही. लाकूड सारखं पसरतं. पाण्याची टाकी असेल, अर्धी भरलेली. आणि तिच्यामागची?"

"हिरवी. पुढून दबलीय."

"पुढून? मग आत माणसंच आहेत. जाड."

"दोन," ओडनी म्हणाली. "बापरे. खरंच."

पुढचे दोन तास रस्त्यावरून जी गाडी गेली तिचा झोल ओडनीने सांगितला आणि आतला माल हाल्वरने. मधल्या खुर्चीवर कुणाचा तरी डबा होता, पण कुणाचा ते दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

परतताना ऊन खाली आलं होतं. डोंगरावरच्या वळणांवर त्या वर्षीचं पहिलं मीठ पडलं होतं, आणि पुढच्या ट्रकने ते काचेवर उडवलं. ओडनीने काच धुवायची दांडी ओढली. पाणी उडालं, वायपर फिरले, आणि काचेवर दुधाळ पट्टे उमटले.

"हे पाणी कुणी भरलंय?" हाल्वरने विचारलं. एवढं त्यालाही दिसलं होतं.

"गाडीच्या दुकानात. गाडी आली तेव्हाचंच आहे."

"उन्हाळ्याचं आहे हे. असेच पट्टे मारतं. थंडीत नळीतच गोठेल." त्याच्या पत्रपेट्या आल्या. गाडी थांबली तरी त्याने दार उघडलं नाही. "आमच्या पंपावर उणे पंचविसातही न गोठणारं मिळतं. सगळ्या डब्यांवर तेच लिहिलेलं असतं, पण खरं एकच आहे. तुला नाही ओळखता येणार."

"नाही येणार," ओडनी म्हणाली.

"मी दाखवीन. पण आधी हे संपायला हवं. एकात एक मिसळायचं नसतं." तो उतरला, वाकून आत बघितलं. "संपलं की सांग. दुकानात नको. मला सांग."

"बरं."

"फेरीबद्दल आभार," तो म्हणाला आणि दार लावलं. आवाज न करता, बोटीवरच्या माणसाने लावावं तसं.

ओडनी बोगद्याच्या तोंडाशी आली. बाजूची सीट अजून गरम होत होती. तिने ती बंद केली नाही. कारखान्याने कागद दिला होता, त्यावर पुढची तारीख होती, दोन वर्षांनंतरची. रस्ता उताराला लागला. दिवे एकामागून एक डोक्यावरून जाऊ लागले. मागे कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं. काच धुण्याच्या पाण्याची टाकी चार लिटरची असते, असं गाडीच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं. समुद्राच्या दोनशे साठ मीटर खाली, जिथे बर्फ येत नाही, ऊन येत नाही आणि पुढच्या ट्रकचं मीठ उडत नाही, तिथे पोचल्यावर ओडनीने दांडी आपल्याकडे ओढली आणि धरून ठेवली.